फॉर्ममध्ये खाड्याचा रकाना नव्हता

आमच्या वस्तीत 6 डिसेंबरला अभिवादनाला माणसे मिळत नाहीत. विहारात चार म्हातारी, शाळेची दोन-तीन पोरे आणि आम्ही. मेणबत्त्या पेटतात, त्रिशरण-पंचशील होते आणि समोरच्या ओळीतल्या घराघराला कुलूप दिसत राहते. 3 जानेवारीला सावित्रीमाईंची जयंतीही अशीच जाते. धारूर तालुक्यातली ही वस्ती दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टरात बसून कोल्हापूर, सांगली, सातारा नाहीतर कर्नाटकात बेळगावच्या बाजूला ऊसतोडीला जाते आणि पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत येते. 14 एप्रिलला मात्र विहारासमोर पाय ठेवायला जागा नसते. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, डीजे, मिरवणूक. वर्षानुवर्षे आम्ही त्या मिरवणुकीत नाचलो. त्या गर्दीतल्या किती बायांच्या पोटात गर्भाशय उरलेले नाही, हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नाही.

तो प्रश्न 2019 साली बाहेरून आला. आधी वर्तमानपत्रांतून, मग विधान परिषदेतून. त्या जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात सांगितले की बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशये काढली गेली. हा आकडा जिल्ह्यातल्या सगळ्या बायांचा होता, एकट्या ऊसतोड बायांचा नव्हे. म्हणून नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे दर सहा बायांत एक. त्याच्या तीन-चार वर्षे आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, वयोगट वेगळे, त्यामुळे तुलना काटेकोर नाही हे आम्हालाही कळते. पण तीन आणि सतरा यांच्यातली दरी पद्धतीच्या फरकाने बुजत नाही.

आम्ही तेव्हा काय केले? खरे सांगायचे तर काही नाही. आमच्या तालुक्यातल्या चळवळीत तेव्हा बोलले जायचे ते असे: ऊसतोड हा वंजारी समाजाच्या पुढाऱ्यांचा प्रश्न आहे, त्यांची मते, त्यांचे मेळावे, त्यांचे महामंडळ, आपण अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस बघू. जणू कोयता हातात घेताना जात बाजूला काढून ठेवता येते. ऊसतोडीला वंजारी जातात, बंजारा जातात, पारधी जातात, मातंग आणि बौद्धही जातात. टोळीतला बौद्ध कोयता फडाच्या कोणत्या कडेला राहतो आणि गावाच्या हापशावर त्याला कोण काय बोलते, हे आम्हाला घरातल्या घरात ठाऊक होते. तरीही आम्ही त्याला चळवळीचा विषय मानले नाही. पोलीस ठाण्यात नोंदवता येतो तोच अत्याचार, अशी आमची व्याख्या होऊन बसली होती.

मग आम्ही फॉर्म घेऊन गेलो. समाजशास्त्राच्या एम.ए.ला लघुप्रबंध करायचा होता. विषय मिळाला, मार्गदर्शकांनी प्रश्नावली तपासून दिली. नाव, वय, जात, शिक्षण, लग्नाचे वय, मुले, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया कधी, गर्भाशयाची शस्त्रक्रिया कधी, कुठे, खर्च किती. आणि शेवटी एक प्रश्न: शस्त्रक्रियेचे कारण. त्याखाली पर्याय होते: अतिरक्तस्राव, पांढरे पाणी जाणे, पोटदुखी-कंबरदुखी, गाठ, कर्करोगाची भीती, डॉक्टरांचा सल्ला, इतर. आम्हाला ही प्रश्नावली फार शास्त्रशुद्ध वाटत होती.

पहिला फॉर्म आमच्याच मावशीचा भरला. सोपा जाईल म्हणून. तिचे लग्न पंधराव्या वर्षी झाले, विशीच्या आत दोन लेकरे, मग ऑपरेशन. सव्विसाव्या वर्षी तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात पिशवी काढली. कारण विचारले तर म्हणाली, पांढरं जायचं, कंबर दुखायची. आम्ही दोन ठिकाणी खुणा केल्या. ती फॉर्मकडे बघत म्हणाली, “काय काय लिवलंस, वाच बरं.” आम्ही वाचून दाखवले.

“आन् खाडा कुठं लिवला?”

आम्ही म्हटले, मावशी, खाड्याचा इथे काय संबंध? ती हसली. ते हसू आम्हाला अजून लागते. म्हणाली, “लेकरा, दुखतं तर घरी बाईला बी दुखतं. घरी दुखलं तर ती पडती. आमी पडलो तर खाडा पडतो. म्हून काढली ना पिशवी.”

शहरातल्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे. ऊसतोडीत मजूर मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो आणि ती सहा महिन्यांत टनाच्या हिशेबाने फेडायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. जोडीतले एक जण एक दिवस जरी कामाला गेले नाही तरी तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसाला सूट नाही, तापाला नाही, बाळंतपणाच्या दहाव्या दिवसाला नाही. बाई पहाटे तीनला उठते, कोपीत भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला भरते. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. पाण्यासाठी जवळच्या विहिरीच्या मालकाची मर्जी. पाळीचा कपडा धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही, म्हणून तो ओलाच परत घेतला जातो. त्यातून संसर्ग होतो, अंगावरून जाऊ लागते. हा आजार बहुतेक वेळा गोळ्या-औषधांनी बरा होण्यासारखा असतो. पण गोळ्यांचा पूर्ण कोर्स घ्यायला डॉक्टरकडे दोनदा-तीनदा जावे लागते, नवऱ्यालाही औषध द्यावे लागते, आणि दरवेळी खाडा. त्यात कोणी डॉक्टर सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून सांगतो, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल. दोन लेकरे झालेली आहेत, ऑपरेशन झालेले आहे, पिशवीचे आता काम काय? मग मुकादमाकडूनच आणखी उचल घेऊन पावसाळ्यात पिशवी काढली जाते, कारण दिवाळीच्या आत बरे व्हायचे असते. म्हणजे खाडा टाळण्यासाठी कर्ज आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा फड.

मावशीचे वय आता चाळिशीत आहे. गुडघे धरतात, अंगातून वाफा निघतात, रात्र-रात्र झोप नाही. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली तर ऐन तारुण्यात पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तिची अंडाशये ठेवली की काढली हे तिला माहीत नाही. दवाखान्याच्या कागदावरही नाही. तेवढी साधी गोष्ट कुणी तिला सांगितली नाही आणि तिच्या फॉर्ममध्ये आम्हीही ती विचारली नव्हती.

आमच्या प्रश्नावलीचा दोष तेव्हा लक्षात आला. कारणांचा प्रत्येक पर्याय बाईच्या शरीराच्या आतला होता, फार तर डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत जाणारा. कारखाना त्यात नव्हता, मुकादम नव्हता, पाणी नव्हते, रात्री बाराची गाडी नव्हती. आजाराचे कारण शोधायचे म्हणून आम्ही बाईला पुन्हा तिच्याच कमरेपाशी आणून सोडले होते. जातिव्यवस्थेचेही असेच नाही का? घाण आम्ही केली म्हणून आम्ही अस्पृश्य, असे शतकानुशतके सांगितले गेले. घाण कुणी आमच्या वाट्याला दिली हा रकाना त्यांच्याही फॉर्ममध्ये नव्हता.

ऊस तोडणाऱ्यांच्या आजारावर दुसऱ्या ठिकाणी कसे संशोधन झाले ते पाहू. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोडणारे तरुण पुरुष मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होते. ना मधुमेह, ना रक्तदाब. निकाराग्वात चिचिगाल्पा गावाजवळच्या एका वस्तीला लोक विधवांचे बेट म्हणू लागले. सुरुवातीला तिथेही बोट मजुरांकडेच गेले: दारू पितात, वाईट पाणी पितात. कीटकनाशकांवरही संशय घेतला गेला. मग संशोधकांनी मजुराच्या रक्त-लघवीसोबत त्याचे काम तपासायला घेतले. किती तास उन्हात, किती टन तोड, किती पाणी, किती विसावा. कडक उन्हात पाण्याशिवाय, विसाव्याशिवाय केलेली ढोरमेहनत हे मोठे कारण असल्याचे पुरावे जमत गेले. त्यावर उपाय म्हणून फडात हलवता येणारी सावली उभी केली, पाणी पोचवले, सक्तीचा विसावा दिला आणि हंगामाच्या आधी व नंतर मूत्रपिंडाची तपासणी केली. जिथे हे नीट राबवले तिथे मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. एल साल्वादोरच्या पहिल्या प्रयोगात तर विसावा घेऊनही दिवसाची तोड घटली नाही, उलट वाढली. तिथले कारखानदार काही संत झाले नव्हते. त्यांची साखर घेणारे परदेशी ग्राहक प्रश्न विचारू लागले होते आणि मजुरांनी आपल्या मेलेल्या माणसांचा हिशेब मागितला होता. पण संशोधनाने इजा टाळता येते हे मोजून दाखवले, म्हणून त्या मागणीला टोक आले.

आपल्याकडे काय मोजले गेले? किती गर्भाशये गेली ते मोजले. ते मोजणेही गरजेचे होते, त्याशिवाय हा विषय विधान परिषदेत आला नसता. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या आल्या. हे सगळे हवेच. पण ही सगळी पहारेकरी ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी आहेत. फडाच्या बांधावर कोणी नाही. म्हणूनच 2025 च्या जूनमध्ये पुन्हा वर्तमानपत्रांत आले की आरोग्य विभागाच्या तपासणीत जिल्ह्यातल्या 843 ऊसतोड बायांची गर्भाशये काढलेली आढळली आणि त्यांतल्या 477 जणी 30 ते 35 वयाच्या आहेत. परवानगीचा कागद असूनही बाई दारापर्यंत येतेच, कारण तिला तिथे ढकलणारे हात तसेच आहेत.

आम्हाला तीन प्रकारचे आक्षेप ऐकू येतात. पहिला सगळ्यांच्या आवडीचा: डॉक्टर लुटारू आहेत, त्यांना जेलमध्ये टाका. ज्यांनी खोटी भीती घालून पोटे फाडली त्यांना टाकाच. पण एकाच वेळी इतक्या बाया त्या डॉक्टरकडे स्वतः चालत का गेल्या, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा: बाया अडाणी आहेत, जनजागृती करा. आमची मावशी अंगठेबहाद्दर आहे, पण तिने आमच्या एम.ए.च्या प्रश्नावलीतली चूक एका वाक्यात काढली. अडाणी कोण? शिबिरे घेऊन सॅनिटरी पॅड वाटणारे आमचे मित्रही यात आले. पॅड वाटताना फोटो चांगला येतो. पण बदलायला आडोसा नाही, हात धुवायला पाणी नाही आणि फडात टाकलेला पॅड दिसला म्हणून मुकादमाचा माणूस शिव्या देतो, तिथे त्या पॅडचे बाईने करायचे काय?

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आणि आम्हाला सगळ्यात जास्त टोचणारा. म्हणतात, हे आरोग्याचे, एनजीओचे काम. बाबासाहेबांच्या चळवळीचे नव्हे. मित्रहो, 1928 साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाची सवलत देणारे विधेयक आले तेव्हा त्याच्या बाजूने कोण उभे राहिले ते काढून वाचा. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, त्याचा बोजा मुख्यतः सरकारने उचलायला हवा, आणि तूर्त ज्या मालकाला बाईच्या श्रमाचा फायदा होतो त्यानेही तो उचलणे रास्त आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 मध्ये तो कायदा झाला. 1938 मध्ये त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठरावही त्याच विधिमंडळात आला आणि पडला. म्हणजे बाईचे गर्भाशय, तिचा विसावा आणि मालकाची जबाबदारी या तिन्हींचा संबंध बाबासाहेबांनी आपल्या जन्माच्या कितीतरी आधी जोडून ठेवला होता. संविधानाच्या 42 व्या कलमात कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य हे दोन्ही एकाच वाक्यात आहेत. आज कायदा 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा सांगतो. आमच्या बायांना एक दिवसही नाही, कारण कारखाना म्हणतो ते आमचे कामगार नव्हेत, मुकादम म्हणतो मी फक्त माणसे पुरवतो, आणि उचलीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा असतो. बाई कुणाचीच कामगार नाही. कोयत्याचा ती अर्धा भाग आहे, तोही बिननावाचा.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. चांगले झाले. पण चर्चा टनाची झाली. बाई टनात मोजली जाते तोवर तिच्या लघवीच्या जागेचा विषय वाटाघाटीच्या टेबलावर येणार कसा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये 20 ते 24 वयाच्या दर दहा बायांमध्ये चारांहून जास्त जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. त्यालाही लोक परंपरा म्हणतात. कोयत्याला जोडी लागते, उचल जोडीला मिळते आणि आईबाप फडात असताना वयात आलेली पोर मागे कुणाकडे ठेवायची, हे प्रश्न त्या परंपरेच्या पोटात आहेत. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी दुसरे लेकरू, बाविसाव्या वर्षी ऑपरेशन आणि सव्विसाव्या वर्षी पिशवी. मावशीचा फॉर्म आम्ही पुन्हा पाहिला तेव्हा ही एक सरळ ओळ दिसली. आम्ही ती पाच वेगवेगळ्या रकान्यांत तोडून ठेवली होती.

लघुप्रबंध जमा केला, पदवी मिळाली. पण नवा फॉर्म मागच्या वर्षावासात तयार झाला. आषाढ ते आश्विन वस्ती घरी असते. रात्री विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन व्हायचे, ते संपले की पुरुष उठून जायचे आणि बाया बसायच्या. आम्ही वही घेऊन मागे बसलो. या वेळी प्रश्न त्यांनी सांगितले आणि आम्ही लिहिले. पाणी कोपीपासून किती लांब. कुणाच्या विहिरीचे, आणि जात विचारून देतो का. आंघोळ उजेडात की अंधारात. गाडी रात्री किती वेळा आली. खाडा किती पडले, कशासाठी. फळीवरून कोण पडली. कोयता कुणाच्या कुठे लागला, टाके कुणी घातले. साप निघाला का. लेकरू कुठे ठेवले होते. हा शेवटचा प्रश्न सांगताना एक बाई गप्प झाली. तिचे लेकरू ट्रॉलीखाली गेले होते, हे आम्हाला इतर बायांनी नंतर सांगितले. तो अपघात नोंदला गेला की नाही, तिला माहीत नाही. बाजूची म्हातारी म्हणाली, लिव्ह, ट्रॉलीला मागं लाल दिवा होता का हे बी लिव्ह. आम्ही लिहिले.

ती वही टोळीबरोबर गेली. आठवीतली एक पोरगी आईबापांबरोबर निघाली होती. तिला शाळेतून काढू नका म्हणून आम्ही भांडलो, हरलो, आणि मग वही तिच्याच हातात दिली. तेही आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहिता येणारी ती एकटीच होती. एप्रिलमध्ये वही परत आली. बरीच पाने कोरी, काही पावसात भिजलेली. पाण्याचा रकाना मात्र रोज भरलेला होता. पाणी आणायला तीच जात होती.

वहीची बातमी मुकादमापर्यंत गेली. त्या पोरीच्या बापाला यंदा त्याने उचल द्यायला टाळाटाळ केली. दुसऱ्या मुकादमाने दिली, पण कमी. पोरीचा बाप आम्हाला काही बोलला नाही, तिची आई बोलली आणि तिचे बरोबर होते. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात वही दाखवली तर साहेबांनी चांगले काम आहे म्हणून पाठ थोपटली आणि नमुना लहान आहे असे सांगितले. नमुना लहान आहे हे आम्ही समाजशास्त्रात शिकलोय. तो मोठा करायचा तर प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक वस्तीतल्या विहारात अशी वही लागेल, आणि टोळीबरोबर जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात ती द्यावी लागेल. ज्याच्या हातात देऊ त्याची उचल कापली गेली तर ती भरून द्यायला आपल्या 14 एप्रिलच्या वर्गणीतून किती बाजूला काढता येईल, हा प्रश्न आम्ही जयंती मंडळाच्या बैठकीत मांडला. डीजेचा खर्च किती, हेही मांडले. बैठक लांबली.

मावशीने नवी वही विकत आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर तिने पोरांकडून खाड्याचा रकाना आखून घेतला आहे, सगळ्यांत रुंद. दिवाळीला महिना उरला आहे, आणि ती या वेळी कुणाबरोबर पाठवायची ते अजून ठरलेले नाही.